सायरसच्या मुठीतलं वर्ष

मित्रांनो, मी एका जुन्या छापयंत्राचा दांडा आहे. हसू नका. दांडा म्हटलं की लोकांना झाडूचा नाहीतर कुऱ्हाडीचा आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या छापखान्यात माझ्यावाचून काही चालत नसे. खाली शाई लावलेली शिशाची अक्षरं, त्यांवर ओलसर कागद, आणि वरून दाबायला जड लाकडी पाट. मला ओढलं की तो पाट खाली यायचा, सोडलं की वर जायचा. एवढंच माझं काम. वाचायला मला कधी आलं नाही. जगाचं जे काही कळलं ते छापखान्यात चाललेल्या बोलण्यातून आणि माझ्या मुठीवर पडणाऱ्या हातांतून. आता मी एका लोहाराच्या पडवीत भंगारात पडलोय. गंज चढलाय. ऐकायला कोणी नाही म्हणून आज तुम्हाला धरून बसवलंय.

जर्मनटाउनच्या एका लोहाराने मला घडवलं. लोखंड तापवून, ठोकून, जरासा बाक देऊन त्याने टोकाला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. स्वतःच दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाला, "हा काही माझ्या हयातीत मोडत नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस फुगून होतो. मग जोनस ट्रिंबल नावाच्या माणसाने यंत्रासकट मला विकत घेतलं आणि शेजारच्या फिलाडेल्फिया शहरात, नदीजवळच्या एका बोळात, आपल्या घराच्या तळमजल्यावर उभं केलं. ट्रिंबल किडकिडीत होता, चष्मा लावायचा, आणि अक्षरं स्वतःच जुळवायचा. कुणावर ओरडायचा नाही. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर ही गोष्ट सांगणं मला सोपं गेलं असतं.

यंत्रावर माणसं दोन. डेनिस शाई लावायचा. हा आयर्लंडहून आलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. शाई लावायचे कातड्याचे गोळे मऊ राहावेत म्हणून तो ते रात्रभर मुतात भिजवून ठेवायचा. आमच्या धंद्याची रीतच होती ती. सकाळी त्याचा घमघमाट सुटला की म्हणायचा, "ज्ञानाचा सुगंध आहे हा, घ्या, घ्या!" आणि मला ओढायचा तो सायरस. उंच, काळा, बोलायला कमी. गुलाम म्हणून जन्मला होता आणि अर्धं आयुष्य राबून त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं. उलटी अक्षरं बघता बघता तो वाचायला शिकला. त्याची पकड मला अजून आठवते. हिसका नाही, आदळआपट नाही. संध्याकाळी जाताना तो आपल्या बाहीने माझी मूठ पुसून ठेवायचा. मला तसं कोणी पुसलं नाही, ना त्याच्याआधी, ना नंतर.

मी सांगतोय ते सतराशे त्र्याण्णव साल. त्या वर्षी जगात काय काय झालं ते सगळं माझ्याखालून गेलं. जानेवारीत एक फ्रेंच माणूस तुरुंगाच्या अंगणातून फुग्यात बसून आभाळात गेला. राजधानी तेव्हा आमच्याच शहरात होती, म्हणून खाली राष्ट्राध्यक्ष बघत होते, तोफा वाजत होत्या.

"बघ रे सायरस," डेनिस म्हणाला, "लोक आभाळात चाललेत, आणि आपण इथे मुतातले गोळे बडवतोय!"

"तुला वर न्यायला दोन फुगे लागतील," सायरस म्हणाला.

महिनाभरात एक कायदा छापायला आला. पळालेला गुलाम कुठल्याही राज्यात सापडला तर त्याचा मालक त्याला धरून नेऊ शकेल, असा. ट्रिंबलने तो वाचून दाखवला आणि मग उगाच चष्मा पुसत बसला. त्या दिवशी डेनिसने एकही विनोद केला नाही. सायरसने सगळे कागद ओढले. त्याच्या तळव्याला घाम फुटला होता, एवढंच मला सांगता येईल.

मग फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवल्याची बातमी जहाजातून आली. डेनिस नाचला. ट्रिंबल म्हणाला, "माणूस होता तो शेवटी." त्यावरून दोघांची चांगली जुंपली. सायरस मात्र डागाळलेले कागद गोळा करत होता. वाया गेलेले कागद ओढणाऱ्याचे, असा छापखान्याचा रिवाज. ते तो घरी न्यायचा आणि त्याची बायको फीबी भिंतीच्या फटींवर चिकटवायची, वारा येऊ नये म्हणून.

ही फीबी बाजारात वजडीचा रस्सा विकायची. काळी मिरी घातलेला, नाकातून पाणी काढणारा. दुपारी उरलेला रस्सा घेऊन ती छापखान्यात यायची.

"काय गं, राजा कुठे चिकटवलास?" डेनिस विचारायचा.

"चुलीमागे. थंडीत गेला बिचारा, जरा ऊब मिळू दे."

"आणि माझं चित्र आलं तर?"

"तुझं दाराबाहेर. वासाने चोर येणार नाहीत."

सायरस गालात हसायचा, आणि ते हसू त्याच्या हातातून माझ्यापर्यंत पोचायचं. खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी दुपारची वाट बघायचो.

याच उन्हाळ्यात एक गंमत झाली. एक म्हातारा व्यापारी वारला म्हणून आम्ही छापलं, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हातारा काठी आपटत दारात हजर. "मी मेलोय हे मला कोण सांगणार होतं?" ट्रिंबल तोंड लपवून आत पळाला. छापलेलं चुकीचं असू शकतं हे त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांनी पोट धरून हसत बघितलं. हसून झालं की माणूस विसरतं.

जुलैत नदीत जहाजांची रीघ लागली. दक्षिणेतल्या बेटावर गुलामांनी बंड केलं होतं, शहर जळालं होतं, आणि जीव वाचवून पळालेली माणसं आमच्या धक्क्यावर उतरत होती. त्या साली उकाडाही भयंकर होता. गटारं साचली होती. डासांनी नुसता उच्छाद मांडला होता, पण त्यांच्याकडे कोण बघतो? लोकांनी नाक धरलं ते धक्क्यावर सडलेल्या कॉफीच्या वासापायी. आणि ऑगस्टमध्ये आमच्या बोळात पहिला माणूस पिवळा पडला.

ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे, काळी वांती व्हायची आणि माणूस जायचा. ज्यांच्याकडे घोडागाडी होती ते गावाबाहेर पळाले. राष्ट्राध्यक्ष गाव सोडून गेले, सरकार गेलं, राहिलेले नाकाला व्हिनेगारच्या चिंध्या लावून भिंतीला चिकटून चालायला लागले. ओळखीची माणसं एकमेकांना बघून रस्ता बदलायची. डेनिस तापावर तोडगा म्हणून गळ्यात डांबर लावलेली दोरी घालून आला आणि म्हणाला, "ताप मला बघूनच पळेल, वास काय कमी आहे माझा?" दोन दिवस तो हे म्हणत होता. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी त्याचं प्रेत नेणारी गाडी आमच्या दारावरूनच गेली. शाईचे गोळे त्याने भिजवून ठेवले होते ते तसेच राहिले.

मग सायरस एकट्याने शाईही लावू लागला आणि मलाही ओढू लागला.

आता ऐका. त्याच दिवसांत शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरचं निवेदन छापायला आलं. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असं त्यात होतं. तेव्हा त्यांनी पुढे यावं, आजाऱ्यांची सेवा करावी, देवाने त्यांना ही मोठी संधी दिली आहे. ट्रिंबलने ते मोठ्याने वाचलं. सायरसने ऐकलं, शाई लावली आणि मला ओढलं. पहिला कागद उचलून तो उजेडात धरून उभा राहिला. कितीतरी वेळ उभा होता.

फीबी आली तेव्हा त्याने तो तिच्यापुढे धरला.

"आपल्याला होत नाही हा ताप."

"कोण म्हणतं?"

"हे बघ, खाली नाव आहे. केवढा मोठा डॉक्टर!"

फीबीने रस्स्याचं भांडं खाली ठेवलं. "सायरस, मी दक्षिणेतल्या चार्ल्सटनची. लहान होते तेव्हा आमच्या झोपड्यांत हाच ताप आला होता. काळी वांती मी या डोळ्यांनी बघितलीय. माझी मावशी त्यातच गेली."

"तू पोर होतीस तेव्हा. पोराला काय कळतं कोण कशाने मेलं?"

"मावशी मेलेली कळते रे."

"अगं, पण एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील?"

"खोटं कोण म्हणतंय? चुकला असेल. तो म्हातारा नाही का, जिवंतपणी मारलात तुम्ही?"

"ती गोष्ट वेगळी. हा कागद मी माझ्या हाताने ओढलाय. काही वावगं असतं तर हाताला कळलं असतं."

मित्रांनो, हाताला काही कळत नाही. मी सांगतो ना! खऱ्या ओळीला जेवढा जोर लागतो तेवढाच चुकीच्या ओळीला लागतो. जन्मभर छपाई करणाऱ्या माणसानेच अशी समजूत करून घ्यावी, याहून मोठं दुर्दैव कोणतं? त्याने आपल्या बायकोच्या डोळ्यांपेक्षा आपल्या हातातल्या कागदावर विश्वास ठेवला. मी लोखंडाचा, मला तोंड नाही. असतं तर त्या दिवशी मी किंचाळलो असतो.

एवढ्यात ट्रिंबल जिन्यावरून धडपडत खाली आला. त्याची बायको लिडिया पहाटेपासून तापाने फणफणली होती. मोलकरीण पळून गेली होती.

"फीबी," तो हात जोडून म्हणाला, "तू वर जा गं. दुसरं कोणी येत नाही. तुला तर भीती नाही."

"मला भीती नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं, ट्रिंबलसाहेब?"

ट्रिंबलने ओल्या कागदाकडे बोट दाखवलं.

फीबी सायरसकडे बघत राहिली. सायरस हलक्या आवाजात म्हणाला, "आपली माणसं जायला निघालीत, फीबी. घराघरांत जातायत. सगळं गाव पळालं तेव्हा कोण थांबलं, हे आता तरी लोक बघतील. उद्या आपल्याला माणूस म्हणतील."

"लोकांना जे बघायचं असतं तेच ते बघतात." तिने कामाचा फडका कमरेला घट्ट बांधला. "जाते मी. तुझ्या कागदासाठी नाही. बाई एकटी पडलीय म्हणून जाते."

आणि ती जिना चढून गेली.

त्यानंतर छताच्या फळ्यांतून मी तिची पावलं ऐकत असे. बादल्या वर जायच्या, घाण खाली यायची. लिडियाबाई वातात ओरडायची, लाथा झाडायची, आणि फीबी तिला लहान मुलासारखी चुचकारायची. "हं, एक घोट. जवाचंच पाणी आहे. तुमच्या नवऱ्याच्या शाईपेक्षा बरं लागतं." ट्रिंबल जिन्याच्या तळाशी बसून असायचा, वर जायचं धाडस त्याला व्हायचं नाही. स्वतःची बायको असून! सायरस काम करायचा आणि मधूनच हात थांबवून वर बघायचा. फीबी पाण्याला खाली आली की विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बाईला विचार की. ताप तिला आलाय."

लिडिया वाचली. केस गळाले, अंगात जीव राहिला नाही, पण वाचली. ट्रिंबल रडला आणि सायरसच्या गळ्यात पडला. सायरसने त्या दिवशी मला ओढलं ते इतक्या आनंदाने की एक कागद फाटला.

संध्याकाळी फीबी खाली आली आणि कागदांच्या गठ्ठ्यावर बसली.

"डोकं ठणकतंय," ती म्हणाली.

"जागरणं किती झाली! झोप जरा."

"सायरस, दिवा इकडे आण. माझे डोळे बघ."

त्याने दिवा आणला. त्याने बघितलं. मग तो मागे आला आणि आधारासाठी माझी मूठ धरली. इतक्या वर्षांत त्या हाताने माझ्यावर असा भार कधी टाकला नव्हता.

तो डॉक्टरकडे धावला. परतला तेव्हा एकटाच होता. डॉक्टरच्या मदतनिसाने दाराच्या फटीतूनच उत्तर दिलं होतं.

"म्हणाला, तुमच्या लोकांना हा ताप होत नाही. पोट बिघडलं असेल. मी म्हटलं, डोळे पिवळे आहेत. तो म्हणाला, तुम्हा लोकांचे असतातच." सायरस ट्रिंबलकडे वळला. "त्याच्या दारावर आपलाच कागद चिकटवलाय, धनी. मीच ओढलेला."

ट्रिंबल म्हणाला, "मी काय करू, सायरस? तू सांग, मी काय करू?" पण तो फीबीपासून लांबच उभा होता, आणि बोलता बोलता त्याने चिंधी नाकाशी नेली. ज्या बाईने त्याच्या बायकोची घाण काढली तिच्यासमोर! मला त्याची शरम वाटली. अजून वाटते.

सायरसने तिला कागदाच्या हातगाडीवर निजवलं आणि घरी नेलं. जाताना ती शुद्धीवर होती. म्हणाली, "गाडी हळू चालव रे, मी काही गठ्ठा नाही."

सायरस परत आला तो आठवड्याने. मूठ धरल्यावर मला कळलं. पूर्वीचाच हात, पूर्वीच्याच गाठी, पण आत काही नव्हतं. ट्रिंबलने विचारायच्या आत तो म्हणाला, "गेली. गरिबांच्या मैदानात पुरली. कोण कुठे आहे ते तिथे कळत नाही." मग थोड्या वेळाने, शाई लावता लावता, "तिने सांगितलं होतं मला. मावशीचं सांगितलं होतं."

बरेच दिवस तो एवढंच बोलत होता.

नोव्हेंबरात दहिवर गोठलं आणि ताप थांबला. का आला आणि का गेला, कोणालाच कळलं नाही. गाड्या भरभरून लोक परतले, खिडक्या उघडल्या, घरं चुन्याने पांढरी केली. फ्रान्सच्या राणीचंही डोकं उडवलं, अशी बातमी आली. पूर्वी यावर आमच्याकडे दिवसभर वाद रंगला असता. आता ट्रिंबलने ती जुळवली आणि सायरसने ओढली.

मग एक गृहस्थ पुस्तक छापायला घेऊन आले. तापाची सगळी हकिकत त्यांनी लिहिली होती. ताप होता तेव्हा ते स्वतः गावाबाहेर, बहिणीच्या शेतावर होते. पुस्तकात सगळं होतं. कोण शूरपणे थांबलं, कोणी दान दिलं. आणि एक परिच्छेद असाही होता की काळ्या दायांनी आजाऱ्यांना लुबाडलं, अवाच्या सव्वा दाम मागितले, मरणाऱ्यांच्या घरातून सामान लांबवलं.

ट्रिंबलने अक्षरं जुळवली तेव्हा तो परिच्छेद वाचून दाखवला नाही. पण सायरसला उलटी अक्षरं वाचता येत होती. त्याने शाईचा गोळा खाली ठेवला.

"धनी, हे खरं नाही."

"मी कुठे लिहिलंय? मी छापणारा."

"एक ओळ घाला. एकच. की अशाही बाया होत्या ज्यांनी काही घेतलं नाही आणि जीव दिला."

"लेखकाची परवानगी नको का? पुस्तक त्यांचं आहे. मला वर्षभराचं नुकसान भरून काढायचंय रे."

तेवढ्यात लिडियाबाई काठी टेकत खाली आली. डोक्याला रुमाल, हाडं नुसती. सायरस तिच्याकडे वळला.

"बाईसाहेब, तुम्ही सांगा. फीबीने या घरातून काय नेलं?"

लिडियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फीबीने? अरे, काही नाही. देवमाणूस होती ती."

"मग हे कसं छापायचं?"

ती जरा घुटमळली. "पण सायरस, फीबी वेगळी होती. बाकीच्यांचं मला काय ठाऊक? लोक म्हणतात ते काय उगाच?"

"आणि यात फीबीचं नाव कुठे आहे?" ट्रिंबल घाईने म्हणाला. "तिच्याविषयी यात एक अक्षर वाईट नाही."

"तेच तर म्हणतोय," सायरस म्हणाला. "एक अक्षर नाही."

सायरसने बाहीने माझी मूठ पुसली, दुपारची वेळ होती तरी. अंगरखा घेतला आणि गेला. तो कुठे गेला, जगला की मेला, मला माहीत नाही. मी त्याला पुन्हा भेटलो नाही. त्याची फीबी गेली, तिच्या कष्टांचं नाव गेलं, आणि उद्या आपल्याला माणूस म्हणतील ही त्याची आशाही तिथेच, त्या खोलीत गेली.

ट्रिंबलने स्वतःच मला ओढलं. त्याला जमत नव्हतं, धापा टाकत होता. पुस्तक हातोहात खपलं, पुन्हा छापलं, पुन्हा खपलं. नंतर नवे गडी आले, नवे मालक आले, शेवटी लोखंडी यंत्रं आली आणि मी इथे फेकला गेलो. त्याचं मला फारसं दुःख नाही. लोखंड आहे, गंजणारच.

मित्रांनो, तुम्ही पुस्तकं सांभाळून ठेवता, कव्हरं घालता, पानं दुमडत नाही. चांगलं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. छापलेल्या ओळीत ज्या माणसांविषयी काही म्हटलेलं असतं, त्यांची काळजी घ्या. ओळ कितीही ठळक असो, खाली कोणाचंही नाव असो, ती खरी धरण्याआधी त्या माणसांपैकी एकाला तरी विचारा. तेवढे कष्ट त्या वर्षी कोणीच घेतले नाहीत. आणि विचारायला लांब जावं लागलं नसतं हो. सायरस तिथेच उभा होता, शाईने भरलेले हात घेऊन, आणि तो सांगतच होता.